ठुशीचं दावं

"आबा, थोडं सरका. तुमच्या डोक्याची सावली पडतेय," मुल्ला डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मामंजी सरकले, पण बोटभरच. आमच्या ओट्यावर पिठाचा डबा पालथा घातला होता, आणि त्याच्यावर गुरांच्या दवाखान्यातल्या या डॉक्टरीणबाईंनी न्हाणीघरात बसवतात तसली पांढरी फरशी ठेवली होती. सकाळी आमच्या आळीतल्या सगळ्या गाईंचं रक्त त्यांनी काचेच्या नळ्यांत घेतलं होतं. दुपारपर्यंत रक्त खाली बसलं आणि वर पिवळसर पाणी सुटलं. त्या पाण्याचा एकेक थेंब त्यांनी फरशीवर टाकला, शेजारी गुलाबी औषधाचा थेंब टाकला, काडीनं दोन्ही कालवलं, आणि सुपातले खडे बघावेत तशी फरशी हातात घेऊन डोलवायला लागल्या.

सगळी आळी ओट्याभोवती उभी होती.

"हा अण्णांच्या गाईचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकसारखा राहिलाय. दाणा नाही."

समोरच्या घरचे रंगाण्णा डेअरीचे चेअरमन. त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखी छाती फुगवली. त्यांची काळीपांढरी धिप्पाड गाय त्यांनी लांबून टेम्पोत घालून आणली होती. सगळं गाव तिला बेंगळूरवाली म्हणायचं.

"आणि हा ठुशीचा."

ठुशीच्या थेंबात नासलेल्या दुधासारखे बारीक बारीक दाणे धरले होते. मलाही ते लांबून दिसले.

मामंजी आणखी वाकले. "दाणं धरलं म्हंजी चांगलं का वाईट?"

"चांगलं नाही, आबा."

"मग पुन्हा कालवा. औषिद कमी पडलं असंल."

बाईंनी पुन्हा कालवलं. पुन्हा दाणे.

हे मामंजी म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायची, गाव आबा म्हणायचं. माझे मालक तेव्हा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होते, महिन्यातून एकदा तोंड दिसायचं. त्यामुळे घरात मामंजी, मी आणि गोठ्यात ठुशी. तांबड्या रंगाची, जरा बुटकी, आणि गळ्याभोवती पांढऱ्या ठिपक्यांची अशी ओळ की जणू कुणी सोनारानंच घडवून घातली. म्हणून तिचं नाव ठुशी.

गाईंच्या रक्तापर्यंत गोष्ट गेली ती मामंजींच्या तापामुळं. संध्याकाळी ताप चढायचा, घामानं गोधडी भिजायची, सकाळी उतरायचा. कंबर अशी धरायची की धान्याचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा माणूस तांब्या उचलताना कण्हायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, उपयोग झाला नाही. शेवटी सांगलीला मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा कळलं की हा जनावरापासून माणसाला होणारा ताप आहे. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "कच्चं दूध पिता?"

मामंजी अभिमानानं म्हणाले, "जल्मभर. धारंखाली पेला धरून. त्याशिवाय ही छाती झाली व्हय?"

लाल रंगाच्या गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी मामंजींनी ते सगळ्या आळीला स्वतःहून कळवलं. "पोटात सोनं वितळाय लागलंय," म्हणून सांगत फिरायचे. अंगात ताप होता, पण जिभेला कुठला ताप?

पण त्या दुपारी फरशीवर दुसऱ्यांदाही दाणेच बघून ते ओट्याच्या कडेला टेकले.

रंगाण्णा पुढे आले. "आबा, वाईट वाटून घिऊ नगा. पन उद्यापासनं तुमचं दूध डेअरीत नको. आणि ही गाय सोमवारच्या आत गावाभाईर काढायची. पांजरपोळात द्या, कुटंबी द्या. आमच्या गोठ्यांस्नी लागण नको."

"अण्णा, थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयानं लहान होत्या, पण आवाज ठाम होता. "ही तपासणी म्हणजे चाळण आहे. संशय कुणाचा घ्यायचा एवढंच ती सांगते. चाळणीत अडकलेलं सगळंच खडा नसतं. आणि एखादा खडा खाली निसटतोसुद्धा."

"मग असली चाळण आणलीसा कशाला?"

लोक हसले. बाईही हसल्या. "घरोघरी पुण्याची प्रयोगशाळा नेता येत नाही म्हणून. काही आठवड्यांनी सगळ्या गाईंचं रक्त पुन्हा घेऊ. ते पुण्याला पाठवू. तिथं दुसऱ्या पद्धतीनं तपासतात. तोपर्यंत ठुशीला वेगळं बांधा, दूध घरातच ठेवा आणि खळाखळा उकळल्याशिवाय थेंब घेऊ नका. पण तिला कुठं घालवू नका."

"काही आठवडं!" रंगाण्णा म्हणाले. "तवर लागण झाली तर चेअरमन म्हणून गाव मला धरंल. सोमवार म्हंजी सोमवार."

पंचायतीतल्या चार जाणत्यांनी माना हलवल्या. मामंजी उठले. मला वाटलं, आता भांडतील. पण त्यांनी ठुशीचं दावं सोडलं, दुसऱ्या हातानं आपली वाकळ उचलून खांद्यावर टाकली, आणि म्हणाले, "तिच्या रगतात दाणं, माझ्या रगतात दाणं. मला डागदर गोळ्या देतो आन् तिला गावाभाईर काढता. न्याय करायचा तर दोघांचा एकच करा. मीबी जातो."

ओढ्यापलीकडं आमच्या रानात एक खोप होती. तिथं जाऊन त्यांनी बिऱ्हाड थाटलं. पण ते रान गावच्याच शिवारात, म्हणून रंगाण्णांची सोमवारची मुदत तशीच राहिली. गाय एका मेढीला, सासरा दुसऱ्या मेढीला टेकून. मी दोन वेळा भाकरी घेऊन जायची, आणि वैरणीचा भारा. दूध मी चुलीवर तीन तीनदा वर येईपर्यंत उकळायची. मामंजी पेला तोंडाला लावायचे आणि चेहरा असा करायचे की जणू मी त्यांना एरंडेल पाजलंय.

"ह्यातली गाय कुटं गेली, पोरी? नुसतं पानी उरलंय."

"गाय बाहेर उभी आहे, मामंजी. प्या."

तिसऱ्या दिवशी तानुबाई आल्या. तानुबाई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, मी वन्सं म्हणायची. दोन डोंगर पलीकडं त्यांचं सासर. एसटीतून उतरल्या त्याच ओरडत. "माझ्या गाईला नाव कोन ठेवतंय? कुनाची जीभ एवढी वळवळली?"

ठुशी अर्धी त्यांची होती, हे खरं. आमच्याकडं अर्धलीची रीत आहे. एकाची कालवड दुसऱ्यानं न्यायची, खाऊ घालून वाढवायची, आणि ती व्याली की गाईत आणि वासरात दोघांचा निम्मा निम्मा हक्क. वन्संच्या गोठ्यात एक कालवड होती, तिची आई लवकर आटली म्हणून ती खुरटली होती. "आबा, तुमच्या हाताला गुण हाय, तुमी न्या," म्हणून त्यांनी ती माहेरी दिली. बापलेकीचा व्यवहार, तरी रीत सोडली नाही. कालवडीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, तिच्या तोंडात गुळाचा खडा दिला, आणि वन्संनी दावं मामंजींच्या दोन्ही हातांत ठेवलं. दावं हातात पडलं तिथून अर्धलीचा हिशेब सुरू.

वन्सं खोपीकडं निघाल्या ते आळीतूनच. रंगाण्णा दारात उभे होते. त्यांनी चेष्टा केली, "काय तानाक्का, दाणं तुज्या अर्ध्यात हाईत का आबाच्या?"

"खायाचं तोंड आबाकडं, अण्णा. माज्याकडं शिंगं! बघायची हाईत का?"

त्याच दिवशी मुल्ला डॉक्टरीणबाई फटफटीवरून खोपीवर आल्या, मामंजी गोळ्या घेतात का ते बघायला आणि ठुशीला बघायला. त्यांच्यामागोमाग रंगाण्णाही आले. सोमवार जवळ आला होता.

बाईंनी ठुशीच्या अंगावरून हात फिरवला, कास बघितली, मागून पुढून बघितली. "गाभ कधी टाकला होता का?"

"न्हाई," मामंजी म्हणाले. "पयल्या खेपंलाच सुखानं व्याली. वासरू बघा की कसं उड्या मारतंय."

"व्याल्यावर वार अडकली होती?"

"घटकाभरात पडली."

"मग गंमतच आहे," बाई म्हणाल्या. "या रोगाची ही गाय दिसत नाही. लस टोचली होती का लहानपणी?"

"टोचली की. गावात शिबिर हुतं तवा. टोचनारा कुनी दुसराच हुता, तुमी न्हवता. कानाला बिल्लाबी मारला."

"तेव्हा वय किती होतं हिचं?"

"सा महिन्यांची."

चूल पेटवत बसलेल्या वन्संनी फुंकणी खाली ठेवली. "किती?"

"सा महिन्यांची," मामंजी पुन्हा म्हणाले.

"आबा, तापानं डोस्कं फिरलंय का तुमचं? माज्या दारातनं गेली तवाच ती वर्साची हुती! नागपंचमीला जल्मली, आन् दुसऱ्या नागपंचमीला मी माह्यारी आले ती तिला घिऊनच आले."

"तुज्याकडं वर्साची. माज्याकडं सा महिन्यांची. दावं हातात पडलं ते धराय नको व्हय? अर्धलीत तसंच धरत्यात."

"अर्धलीत वाटा तसा धरत्यात, आबा! वय न्हवं!"

"मी आयुष्यभर तसंच धरत आलोय."

"मग हौसा ह्या घरात नांदायला आली तवापासनं तिचं वय धरा. पाळण्यात घाला तिला!"

हौसा म्हणजे मी. मी पदर तोंडाला लावला. मामंजींनी माझ्याकडं बघितलं, मग ठुशीकडं, आणि मग जरा हळू आवाजात म्हणाले, "टोचनारा माणूसबी म्हनाला हुता. आबा, सा महिन्यांची जरा थोराडच दिसतीय. मी म्हनलं, खानं बघा की आमच्या घरचं."

मुल्ला डॉक्टरीणबाईंनी आधी बोटांवर महिने मोजले. मग खोपीच्या मेढीला टेकून एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला कळेना, बाईंना झालं काय.

"आबा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ही लस कालवड आठ महिन्यांची व्हायच्या आत टोचायची असते. तेव्हा टोचली की पुढं गाय मोठी होईपर्यंत रक्तातून तिची खूण पुसून जाते. तुम्ही टोचलीत दीड वर्षाला. एवढ्या उशिरा टोचली की खूण पुसता पुसत नाही. त्या फरशीवर दाणे धरतात, याचा अर्थ एवढाच की रक्ताला त्या जंतूची ओळख आहे. ती ओळख रोगानं करून दिली का लशीनं, ते फरशीला कळत नाही."

"म्हंजी ठुशी निर्दोष?" मी विचारलं.

"बहुतेक. खात्री दुसऱ्या रक्तानंच होईल. रोग असेल तर जोर वाढत जातो. लशीची खूण असेल तर तेवढाच राहतो, नाहीतर उतरतो. शिवाय पुण्याची तपासणी ओळखीतला फरकसुद्धा सांगते."

वन्संनी ठुशीच्या तोंडात गूळ घातला. पण रंगाण्णा जागचे हलले नव्हते.

"हे सगळं बहुतेक झालं," ते म्हणाले. "मग आबांस्नी रोग आला कुटनं? आबा दुसऱ्या कुनाचं दूध पीत न्हाईत. आबांच्या रगतातला दाना तर सांगलीच्या दवाखान्यानं सांगितलाय. त्याचं उत्तर द्या, न्हाईतर सोमवारी गाय हलवा."

बोलणं चुकीचं नव्हतं. बाईंनी मामंजींना विचारलं, "आबा, हा रोग नुसता दुधातून येत नाही. गाईनं गाभ टाकला आणि उघड्या हातानं वार काढली, तरी येतो. त्यातून तर जास्तच. ताप यायच्या आधी तुम्ही कुणाच्या गाईची वार काढली होती?"

पंचक्रोशीत अडलेल्या गाईला मामंजींचाच हात लागायचा. कुणी बोलावलं की हे ताटावरून उठून जायचे. पण त्या वेळी मामंजींनी चुन्याची डबी उघडली. बंद केली. पुन्हा उघडली. पुन्हा बंद केली.

"आठवत न्हाई," ते म्हणाले.

ज्या माणसाला गावातल्या प्रत्येक गाईची आजी आठवते, त्याला महिन्याभरापूर्वीची वार आठवत नव्हती. रंगाण्णा ओढ्याकडं बघत होते.

दिवस कलल्यावर मी भांडी घासता घासता विचारलं, "मामंजी, कुणाकडं गेला होता तुम्ही?"

"पोरी, शब्द दिलाय. तोंड उघडनार न्हाई म्हनून."

"कुणाला?"

"ते सांगितलं मग शब्द कसला उरला?"

"आणि ठुशी? परवा सोमवार आहे."

ठुशी मामंजींच्या पाठीला डोकं घासत होती. तिच्या मानेवरून हात फिरवत ते म्हणाले, "तोंड उघडनार न्हाई, येवडंच म्हनलो हुतो मी." आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या मिशा हलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालायची वेळ. डेअरीची खोली रंगाण्णांच्या घराला लागूनच होती. सगळं गाव किटल्या घेऊन रांगेला. मी आणि वन्सं किटलीऐवजी घागरी घेऊन पाण्याला निघालो होतो. बघतो तर मामंजी ओढ्याकडून येत होते. डोक्याला मुंडासं नाही, पायात वहाणा नाहीत, आणि गळ्यात ठुशीचं दावं.

मी घागर खाली ठेवली.

ज्यांनी जुना काळ बघितलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. पूर्वी दाव्याला बांधलेली गाय आपल्या चुकीनं मेली, तर घरधनी तेच दावं गळ्यात घालून बाहेर पडायचा. कुणाशी बोलायचं नाही. दारोदार उभं राहून नुसतं गाईसारखं हंबरायचं आणि भिक्षा घ्यायची. मग ते पाप फिटतं, असा समज. मी लहानपणी एकदाच असा माणूस बघितला होता आणि घाबरून कणगीमागं लपले होते.

मामंजी रांगेपुढून चालत गेले. रंगाण्णांच्या दारासमोर मांडी घालून बसले. मान वर केली.

"हम्मा!"

रांगेतल्या किटल्या खाली ठेवल्या गेल्या. "आबा, गाय मेली का काय?" एकानं विचारलं.

"हम्मा!"

"मेली न्हाई," वन्सं म्हणाल्या. त्यांना माझ्याआधीच उमगलं होतं, लेकच ती. "गाय खोपीत रवंथ करतीया. सोमवारी तिला गावाभाईर काढनार, तितं ती झुरून मरनार. त्याचं पाप आबा आजच फेडाय बसलेत. ताप अंगात हाय, पुन्हा जमतंय न जमतंय."

रंगाण्णा धावत बाहेर आले. "आबा! उठा! चेअरमनच्या दारात हे काय मांडलंय? कोन म्हनंल काय?"

मामंजींनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, आणि शांतपणे हंबरले.

"आवो, बोला तरी काय तरी!"

"कसं बोलत्याल?" वन्सं म्हणाल्या. "दावं गळ्यात हाय. आन् तोंड उघडायचं न्हाई म्हनून कुनाला तरी शब्दबी दिलाय म्हनं."

रंगाण्णांचा चेहरा पडला. एवढ्यात मामंजींनी पुन्हा लांब सूर काढला, आणि घरामागच्या गोठ्यातून त्याला उत्तर आलं. खरं, जाडजूड, घर दणाणणारं. बेंगळूरवाली हंबरत होती. मामंजी हंबरले की ती हंबरायची. ते थांबले की थांबायची. रांगेतली माणसं आधी गालातल्या गालात, मग पोट धरून हसायला लागली. एकजण म्हणाला, "अण्णा, तुमच्या गाईला कन्नड सोडून मराठीबी कळतंय की!"

तेव्हा रंगाण्णांच्या बायको शेवंताक्का बाहेर आल्या. हाताला शेणगोवऱ्याची राख तशीच. नवऱ्याकडं न बघता त्या मामंजींसमोर खाली बसल्या.

"उठा, आबा. त्या मुक्या जनावरानं आवाज वळखला. मला तर देवानं तोंड दिलंय." मग त्या रांगेकडं वळल्या. "आमच्या गाईनं गाभ टाकला. वार अडकली. आबांस्नी मीच बोलावून आनलं. कोपरापतूर हात घालून त्यांनी काढली, म्हनून गाय वाचली. त्यानंतर पंधरवड्यात आबांस्नी ताप आला. मला तवाच कळाय पायजे हुतं."

"मग लपवलंसा कशापायी?" कुणीतरी विचारलं.

शेवंताक्कांनी आता नवऱ्याकडं बघितलं. "ह्यांनाच इचारा. गाभ टाकलेल्या गाईचं दूध डेअरीत घ्यायचं न्हाई, हा नियम कुनी केला?"

नियम रंगाण्णांनीच केला होता. गेल्या वर्षी, टाळ्यांच्या गजरात.

सगळे त्यांच्याकडं बघत होते. रंगाण्णांनी दाराची चौकट सोडली. मग पायरी उतरून आले आणि मामंजींच्या गळ्यातलं दावं स्वतःच्या हातानं काढायला लागले. मामंजींनी मान बाजूला घेतली आणि गळ्यातलं दावं घट्ट धरलं.

"आता काय ऱ्हायलं, आबा?"

मामंजींनी ओढ्यापलीकडं खोपीकडं बोट दाखवलं.

"ठुशी कुटं जात न्हाई," रंगाण्णा म्हणाले. "दुसरं रगत येऊस्तवर न्हाई. सगळ्यांदेखत सांगतो. झालं?"

मामंजींनी दावं सोडलं. "मी तोंड उघडलं न्हाई हां, अण्णा," ते म्हणाले. "शब्द पाळलाय."

"पाळलासा, आबा," रंगाण्णा म्हणाले, आणि त्यांनाही हसू आलं.

डॉक्टरीणबाईंना हे सगळं कळलं तेव्हा त्या आधी रंगाण्णांवर रागावल्या आणि मग मामंजींवर त्याहून जास्त. "शब्दापायी तुम्ही सगळ्या आळीचा जीव धोक्यात घातला असता, आबा." मामंजी मान खाली घालून ऐकत राहिले. मग रंगाण्णांनी विचारलं, "पन बाई, तुमच्या फरशीवर आमच्या गाईचा थेंब तर सोच्छ हुता."

"गाभ टाकल्यावर कधीकधी काही आठवडे रक्त गप्प बसतं, अण्णा. मी म्हटलं नव्हतं, खडा निसटतोसुद्धा?"

दुसरं रक्त घेतलं त्या दिवशी बेंगळूरवालीच्या थेंबात असे दाणे धरले की चष्म्याशिवाय मामंजींनाही दिसले. ठुशीच्या थेंबात दाणे होते, पण पहिल्याहून पुसट. नळ्या बर्फाच्या डब्यातून पुण्याला गेल्या. निकाल घेऊन डॉक्टरीणबाई फटफटीवरून आल्या त्या हॉर्न वाजवतच. ठुशीला रोग नव्हता. नुसती लशीची ओळख.

मामंजी वाकळ खांद्यावर टाकून घरी आले. पुढं ठुशी, मागं वासरू. आळीतल्या बायकांनी ठुशीच्या पायावर पाणी घातलं. शेवंताक्कांनी तिला ओवाळलं.

रंगाण्णांच्याही रक्तात दाणे निघाले. गाभ टाकायच्या वेळी गाईचं शेपूट धरून तेच तर उभे होते. त्यांनाही त्याच लाल गोळ्या लागल्या. सकाळी दोघं आपापल्या ओट्यावर बसून एकमेकांना विचारायचे, "काय, वितळतंय का सोनं?" बेंगळूरवालीला अण्णांनी लांबच्या मळ्यात एकटी बांधली. तिचं दूध नाही, वासरू नाही. सोमवारच्या आत गाय हलवा म्हणणारा माणूस. त्याला आपली गाय कुठंच पाठवता आली नाही. शेवटपर्यंत स्वतः वैरण घालत राहिला. मामंजी अधूनमधून बांधावर जाऊन लांबून हंबरायचे. ती उत्तर द्यायची.

डॉक्टरीणबाईंनी मामंजींना खांद्यापर्यंत येणारे रबराचे हातमोजे आणून दिले होते. पहिल्यांदा घातले तेव्हा हात पुढं करून म्हणाले, "पोरी, बघ, कोपराच्या वर चुडा भरलाय." पण त्यानंतर हातमोजे नसतील तर त्यांनी कुणाच्या गोठ्यात पाऊल टाकलं नाही.

माझी आता मामंजींच्या तेव्हाच्या वयाएवढी उमर झालीय, आणि आमच्या गोठ्यात अजून ठुशीचाच वंश आहे. त्या काळी गाईच्या कानातल्या बिल्ल्यावरचे आकडे मला वाचता यायचे नाहीत. पुष्कळ उशिरा शिकले. पण त्या वर्षीचं लशीचं शिबिर आकड्यांशिवायही मला लख्ख आठवतं.

ठुशीचं वासरू कालवड होतं. गळ्याभोवती तसेच ठिपके, जरा मोठे. वन्संनी नाव ठेवलं पुतळी. शिबिराला वन्सं मुद्दाम आल्या होत्या. शेवंताक्का होत्या, रंगाण्णा होते. मामंजींनी पुतळीचं दावं धरलं होतं. मुल्ला डॉक्टरीणबाई सुई भरून पुढं आल्या आणि सवयीनं विचारून बसल्या.

"वय काय हिचं, आबा?"

आम्ही चौघंही एकदम मामंजींकडं वळलो. वन्संनी तर कमरेवर हात ठेवले.

मामंजींनी आमच्याकडं बघितलं. हातातल्या दाव्याकडं बघितलं. ओठ घट्ट मिटले, मान वर केली, आणि हंबरले.

डॉक्टरीणबाई हसत हसत खाली वाकल्या, आणि पुतळीचं तोंड उघडून स्वतःच दात बघायला लागल्या.